मागे वाजणारी व्हायोलिने

मी संगीताचा अभ्यासक नाही. तरीही एका फ्रेंच गायिकेच्या गाण्यांविषयी समीक्षेच्या नियतकालिकात लिहावयास बसलो आहे, त्याचे कारण संगीतातले नसून आपल्या परीक्षणांतून सर्रास भेटणाऱ्या एका शेऱ्यातले आहे. हा शेरा मी स्वतः एकदा मारलेला आहे. १९९४ साली एका कवयित्रीच्या पहिल्या संग्रहाचे परीक्षण करताना मी लिहिले होते की, या कवितांच्या मागे सतत व्हायोलिने वाजत राहतात. 'भावविवश' हा शब्द त्याच परिच्छेदात पुढे आलेला होताच. परंतु लोकांच्या लक्षात राहिली ती व्हायोलिने. त्या वेळी ते वाक्य मलाही फार नेमके वाटले होते. एका चर्चासत्रात दुसऱ्याच कुणी तरी ते, माझे नाव न घेता, तिसऱ्याच कवीसाठी वापरले तेव्हा मला सूक्ष्म अभिमानही वाटला, हे कबूल केले पाहिजे.

ती प्रतिमा मला सुचली होती पुण्यातल्या फ्रेंचच्या एका वर्गातून. त्या काळात आम्ही काही प्राध्यापक बार्थ, फूको ही नावे इंग्रजी भाषांतरांच्या भरवशावर घेत असू. मूळ संहितेपर्यंत पोचले पाहिजे अशा ईर्ष्येने मी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी त्या वर्गात नाव घातले. मूळ संहितेपर्यंत मी कितपत पोचलो ते सोडून देऊ. आमच्या बाई उच्चार शिकविण्यासाठी अधूनमधून कॅसेट लावीत, आणि तीत फ्राँस्वाझ आर्दी या गायिकेची तीन-चार गाणी होती. (मराठी वाचक हे आडनाव रोमन लिपीत पाहील तर 'हार्डी' असेच वाचील, आणि त्याला टॉमस हार्डी आठवेल. विषण्णतेच्या दृष्टीने ती चूक अगदीच अस्थानी ठरणार नाही.) गाणे सुरू झाले, की शब्दांच्या मागून तंतुवाद्यांचा एक मोठा ताफा हळूहळू पुढे सरकत येई, आणि आम्ही मागच्या बाकांवरची प्रौढ मंडळी एकमेकांकडे पाहून हसत असू. हे हसणे सुशिक्षितांचे होते. हिंदी चित्रपटातली नायिका खिडकीशी जाऊन उभी राहिली की काय वाजते, हे आम्हांला पाठ होते. तेच इथे पॅरिसहून आलेले पाहून आमचा भ्रमनिरास झाला होता.

बाईंना त्या गाण्यांतून शिकवायचा होता तो फ्रेंचमधला मुका 'ए'. 'रोझ', 'झनेस', 'आब्साँस' – म्हणजे गुलाब, तारुण्य, विरह – अशा असंख्य शब्दांच्या शेवटी हा स्वर लिहिला जातो, पण बोलताना सामान्यतः उच्चारला जात नाही. छंदोबद्ध कवितेत मात्र पुढच्या शब्दाच्या आरंभी व्यंजन असेल तर तो मोजला जातो, आणि गाण्यात त्याला पुष्कळदा स्वतःचा वेगळा सूर मिळतो. ओळ संपते, आघात होऊन जातो, आणि त्यानंतर हा अर्धामुर्धा स्वर उरतो. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. आपण लिहितो 'राम' आणि बोलतो 'राम्'; परंतु श्लोक म्हणताना वृत्त सांभाळण्यासाठी तो शेवटचा 'अ' परत येतो, आणि भजनात तर त्यावरच ठाय धरता येतो. बोलण्यात जे अक्षर लोपलेले असते ते गाण्यात पुन्हा उभे राहते. बाईंनी हे फळ्यावर लिहून दाखविले, आम्ही वहीत उतरवून घेतले, आणि व्हायोलिनांना हसत राहिलो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे ध्यानात यावयास मला तीस वर्षांहून अधिक काळ लागला.

आर्दीचा जन्म १९४४चा, पॅरिसमधला. १९६२ साली, अठराव्या वर्षी, 'तू ले गार्सों ए ले फीय' हे स्वतःच रचलेले गाणे गाऊन ती प्रसिद्धीस आली. त्या वर्षी २८ ऑक्टोबरला फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षाच्या थेट निवडणुकीविषयी सार्वमत घेण्यात आले. निकालांची वाट पाहत दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या देशाला मधल्या वेळात ही उंच, संकोची मुलगी दिसली. आपल्या वयाची सारी मुले-मुली जोडीजोडीने फिरताहेत आणि आपण एकट्याच आहोत, एवढाच त्या गाण्याचा आशय. त्या ध्वनिमुद्रणात व्हायोलिने नव्हती. साधी गिटार आणि ठेका होता. वाद्यवृंद तिच्याकडे नंतर आला. पॅरिसमधल्या ध्वनिमुद्रणांवर ती असमाधानी होती. १९६४पासून ती लंडनला जाऊन चार्ल्स ब्लॅकवेल या संगीत संयोजकाबरोबर गाऊ लागली. तिचा एकाकीपणा तोच राहिला, मात्र त्याच्या मागची खोली मोठी झाली.

फ्रान्समध्येही या खोलीकडे साहित्यिक मंडळी संशयानेच पाहत असत. तेथे 'शाँसों' म्हणजे शब्दप्रधान, कवित्वाचा वारसा सांगणारे गाणे, आणि 'व्हारिएते' म्हणजे बाजारी करमणूक, असा एक भेद दीर्घकाळ वावरत आलेला आहे. झॉर्झ ब्रासाँसला १९६७ साली फ्रेंच अकादमीचे कवितेचे पारितोषिक मिळाले. तो एक गिटार आणि साथीला डबल बास एवढ्यावर गात असे. त्याची थोरवी मला निर्विवाद वाटते. पण वाद्ये जितकी कमी तितके गाणे साहित्याच्या जवळ, असे एक अलिखित समीकरण त्या गौरवाच्या मागे होते असा माझा ग्रह आहे. आपल्याकडे भावगीताला समीक्षेने जी मागची पंगत दिली, तिचे कारण नेहमी शब्दांतच होते का, हा प्रश्न मी येथे नुसता ठेवून पुढे जातो.

रोलाँ बार्थने १९७२ साली आवाजाच्या पोताविषयी एक निबंध लिहिला, आणि तो आमच्या पिढीने फार उद्धृत केला. त्यात फिशर-डीस्काऊ या विख्यात गायकाला त्याने बाजूला सारले. त्याच्या गाण्यात सर्व काही 'व्यक्त' होते, श्वास आणि आत्मा यांचे नाट्य होते, पण जीभ, दात, भाषेचा देह यांचा स्पर्श होत नाही, अशी त्याची तक्रार. याउलट शार्ल पाँझेरा – बार्थ स्वतः त्याच्याकडे गाणे शिकला होता – भाषेचा उच्चारच गातो, असे तो म्हणतो. या भेदावर मी वर्गात अनेक वर्षे बोललो. पण तेच मोजमाप मी माझ्याच कॅसेटमधल्या गायिकेला कधी लावून पाहिले नाही, कारण व्हायोलिने ऐकू येताच माझा कान मिटत असे.

तो उघडून ऐकले तर काय ऐकू येते? आर्दीचा आवाज लहान आहे, त्याचा पल्ला बेताचा आहे, त्यात कंप जवळजवळ नाही. ती कुठलाही शब्द रंगवीत नाही. दुःखाचा शब्द आला की आवाज दाटून यावा, ही अपेक्षा ती पुरी करीत नाही. ती व्यंजने नीट उच्चारते, ओळ संपवते, आणि थांबते. तो मुका 'ए' आला तर त्याला हलकेच स्पर्श करून सोडून देते. म्हणजे जो आरोप मी व्हायोलिनांच्या नावाने करीत होतो, तो निदान आवाजावर तरी करता येत नाही. हा आवाज भावविवश नाही. किंबहुना तो कोरडा आहे, कधी कधी हिशेब सांगितल्यासारखा.

आता त्या आवाजामागची तंतुवाद्ये. मनुष्याला श्वास घ्यावा लागतो. गज चालविणाऱ्या वीस जणांच्या ताफ्याला तो एकदम घ्यावा लागत नाही, त्यामुळे त्यांचा सूर कितीही वेळ अखंड राहू शकतो. आर्दीची ओळ तुटते तिथे तंतुवाद्ये तुटत नाहीत. ती जे बोलली त्यावर ती सजावट करीत नाहीत. ती जिथे बोलायची थांबली तेथून पुढे जातात. 'अलंकार' ही आपली संज्ञा येथे निरुपयोगी ठरते, कारण अलंकार हा उक्तीवर चढविला जातो, आणि येथे अनुक्ताला वेळ मिळवून दिला जातो. ओळीच्या शेवटी रेंगाळणारा तो मुका स्वर आणि त्याच्याच जागेवरून उचलला जाणारा व्हायोलिनांचा सूर – बाईंनी फळ्यावर लिहिलेली गोष्ट आणि आम्ही ज्याला हसत होतो ती गोष्ट – या एकाच जागी भेटतात.

आणखी एक बाब आहे. ती तांत्रिक आहे, पण मला ती काव्यशास्त्राची वाटते. प्रत्यक्ष सभागृहात एवढ्या वाद्यांसमोर कुणी कुजबुजेल तर ते पहिल्या रांगेतही ऐकू जाणार नाही. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन ओठांपाशी असतो, आणि मिश्रण करताना कुजबुज पुढे आणि वाद्यवृंद मागे ठेवता येतो. म्हणजे या गाण्यातली सभा जगात कुठेही भरत नाही. कानाशी बोलणारी एक व्यक्ती आणि दूरवर एक समुदाय, असा अवकाश फक्त तबकडीवर संभवतो. आर्दीने १९६८ साली रंगमंचावरून गाणे बंद केले. कारण म्हणून तिची रंगमंचाची भीती सांगितली जाते. पण ज्या गाण्याची जागाच मुळी रंगमंच नाही ते तिथे नेण्याचा अट्टाहास तिने सोडला, असेही त्याकडे पाहता येईल.

१९७१ सालच्या 'ला केस्तियों' – प्रश्न – या तबकडीत हे सारे सर्वांत शुद्ध रूपात भेटते. पॅरिसमधल्या एका ब्राझिलियन उपाहारगृहात गाणारी एक तरुणी आर्दीला भेटली, आणि या तबकडीतल्या बहुतेक चाली तिच्या आहेत. तिचे व्यावसायिक नाव तुका. (हे नाव मराठी कानावर पडले की जे होते ते माझेही झाले, अभंगाच्या शेवटी येणारी सही गिटार घेऊन मुखपृष्ठामागे उभी आहे, असे क्षणभर वाटले. अर्थात हा केवळ ध्वनीचा योगायोग.) दोघींनी आधी दीर्घ तालमी केल्या. मग तुकाची गिटार, गी पेडरसनचा बास आणि आर्दीचा आवाज, एवढेच मुद्रित झाले. तालवाद्ये जवळजवळ नाहीतच. रेमों दोने यांनी रचलेली तंतुवाद्ये त्यावर नंतर चढविण्यात आली. या क्रमाला मी फार महत्त्व देतो. गाणारीने गायले तेव्हा व्हायोलिने तिच्या कानात नव्हती. ती कोणाच्याही साथीने भावुक होत नव्हती, कारण त्या क्षणी साथच नव्हती. ज्याने व्हायोलिने लिहिली त्याच्यासमोर एक पूर्ण झालेला आवाज होता, आणि तो त्या आवाजाचा पहिला वाचक होता. त्याने तो कुठे पोकळ आहे, कुठे काय टाळले आहे, हे पाहिले आणि समासात लिहिले. संगीत संयोजन हे एक वाचन आहे, एवढेच मला म्हणावयाचे आहे. आणि वाचन म्हटले की ते चांगले असते तसे वाईटही असते, संहितेशी इमान राखणारे असते तसे तिच्यावर स्वार होणारेही असते.

तबकडी त्या वेळी फारशी खपली नाही. तुका १९७८ साली, पस्तिशीही न गाठता वारली. आज आर्दीच्या कामात हीच तबकडी सर्वश्रेष्ठ मानणारे पुष्कळ आहेत, आणि मीही त्यांतलाच आहे.

व्हायोलिनांचा कैवार घेताना मी वाहवत जाऊ नये, म्हणून त्याच वर्षीची दुसरी एक तबकडी समोर ठेवतो. सेर्ज गँझबूरची 'इस्त्वार द मेलोदी नेल्सन' ही अवघ्या अठ्ठावीस मिनिटांची. तिची वाद्यवृंदरचना झाँ-क्लोद व्हानिये यांची. तीही त्या वेळी चालली नाही आणि पुढे पूजनीय ठरली. तिच्यातही पुरुषाचा आवाज जवळजवळ बोलतोच. खाली बास गिटार फिरत राहते, आणि मागून तंतुवाद्ये, शेवटी तर मोठा गायकवृंद, असे काही उभे राहते की ऐकणारा भारून जातो. पण कथा काय आहे? एक मध्यमवयीन मनुष्य, त्याच्या आलिशान मोटारीची धडक बसून पडलेली चौदा-पंधरा वर्षांची सायकलस्वार मुलगी, आणि मग तिचा त्याने घेतलेला ताबा. निवेदकाला स्वतःच्या कृत्याची जेवढी लाज वाटावयास हवी तेवढी तो वाटून घेत नाही, आणि ती उणीव व्हानियेंची अप्रतिम रचना शोकाच्या झळाळीने भरून काढते. येथे वाद्यवृंद अनुक्ताला वेळ देत नाही, तो त्याच्यावर पडदा टाकतो. तबकडी मी आजही ऐकतो, ऐकताना अस्वस्थ होतो, आणि त्या अस्वस्थतेत रचनेच्या सौंदर्याचा वाटा किती हे मला अद्याप वेगळे काढता आलेले नाही.

मुद्दा हा की व्हायोलिने आहेत की नाहीत, हा प्रश्नच अपुरा आहे. ती कोण वाजवतो आहे, कोणत्या मजकुराच्या कोणत्या जागी, हे विचारावयास हवे. हिंदी चित्रपटसंगीतावर वाढलेल्या आम्हां मंडळींना हे विचारण्याची सवयच नव्हती, कारण उत्तर आमच्यापासून झाकलेले होते. त्या गाण्यांमागची तंतुवाद्ये ज्यांनी लिहिली – सॅबेस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट असे गोव्याहून आलेले वादक – त्यांची नावे तबकडीवर सहसा नसत. शंकर-जयकिशन म्हणून आम्ही जे ऐकले त्यात डिसोझांचे किती होते, हे आम्हांला फार उशिरा कळले. फ्रेंच तबकडीवर मात्र गायकाच्या नावाखाली वाद्यवृंदाच्या संचालकाचे नाव छापण्याची प्रथा होती. ज्या वाचनाला नाव नसते ते वाचन आहे हे कळतच नाही. ते संहितेचाच गुण किंवा दोष आहे असे वाटू लागते.

आपल्या शास्त्राकडे वळून पाहिले तर धनंजयाच्या 'दशरूपका'त शृंगाराचे अयोग, विप्रयोग आणि संभोग असे तीन भेद आहेत. आर्दीची १९६२ची मुलगी अयोगात बसेल असे प्रथम वाटते. पण अयोगातही परस्परांवर जडलेली दोन माणसे असतात. येथे दुसरे माणूसच नाही. आलंबनाशिवायची रती, असा हा विचित्र प्रकार आहे. पुढच्या गाण्यांत आलंबन येते, पण ते बोलत नाही. १९७३च्या 'मेसाज पेर्सोनेल'मध्ये तर आर्दी आरंभी गातच नाही. टेलिफोनवर बोलावे की नाही अशा संकोचातले, तिनेच लिहिलेले गद्य ती पियानोवर बोलते, आणि मग मिशेल बेर्जे याचे गाणे सुरू होऊन वाद्यवृंद वर चढतो. पलीकडचे माणूस शेवटपर्यंत गप्प. उद्दीपन भरघोस आणि आलंबन मुके, या स्थितीला आपल्या शास्त्रात नाव आहे का, हे जाणकारांनी सांगावे. मला एवढेच दिसते की 'भावविवश' हा शब्द या स्थितीसाठी नाही. विवश होण्यासाठी भावनेला कुणाकडे तरी जावे लागते.

२००४पासून आर्दीला कर्करोगाने ग्रासले. उपचारांनंतर आपल्याला आता गाता येत नाही, असे तिने २०२१ साली सांगितले. ११ जून २०२४ रोजी, ऐंशीव्या वर्षी, ती गेली. बातमी वाचली त्या रात्री मी 'ला केस्तियों' लावली, आणि ती ऐकताना, का ते सांगता येत नाही, मला १९९४चे ते परीक्षण आठवले. दुसऱ्या दिवशी मी तो संग्रह शोधून काढला.

मुखपृष्ठावर गळून पडणारी पाकळी आहे. आत एका ज्येष्ठ साहित्यिकाची प्रस्तावना आहे, तीत 'हळवे', 'काळजातून उमटलेले', 'स्त्रीमनाचे हुंकार' असे शब्द आहेत. मलपृष्ठावर त्याच प्रस्तावनेतला सर्वांत दाट परिच्छेद. मग कविता. एका कवितेत दवाखान्याच्या बाकावर बसलेली बाई नंबर येईपर्यंत पिशवीतली मोसंबी मोजते, सहा आहेत. कविता तेथेच संपते. दुसऱ्या एकीत घर बदलताना भिंतीवरचे खिळे कुणाचे, मालकाचे की भाडेकरूचे, एवढाच प्रश्न आहे. संपूर्ण संग्रहात 'अश्रू' हा शब्द मला एकदाही सापडला नाही. व्हायोलिने होती, पण ती पाकळीने वाजवली होती, प्रस्तावनेने वाजवली होती, आणि सर्वांत मोठ्याने मी वाजवली होती. कवयित्रीचा पहिला संग्रह म्हटल्याबरोबर माझ्या मनात वाद्यमेळ सिद्धच होता. मी माझेच वाचन ऐकले आणि ते संहितेच्या नावे नोंदवले.

त्यांचा दुसरा संग्रह निघाला नाही. त्याचे कारण माझे परीक्षणच असेल असे समजणे हाही समीक्षकी अहंकार होईल. माणसे लिहिणे कितीतरी कारणांनी थांबवतात. परीक्षण प्रसिद्ध झाल्यानंतर त्यांचे एक पोस्टकार्ड मला आले होते, ते मी संग्रहातच खूण म्हणून ठेवले होते. मजकूर असा: परीक्षण वाचले. आपण दिलेल्या अवतरणांपैकी दोहोंचे पृष्ठांक चुकले आहेत. ते १३ व ४२ असे हवेत. कळावे.

त्या वेळी हे कार्ड वाचून मला हसू आले होते. परवा ती दोन्ही पाने काढून पाहिली. पृष्ठांक त्यांनी कळविले होते तेच आहेत.